झाकली मूठ आणि बोलका डबा

शिरवळला 1648 साली सुभानमंगळाच्या कोटासाठी लढाई झाली. स्वराज्याच्या अगदी सुरुवातीच्या लढायांपैकी ती एक. तिचा गलका कुठवर गेला कोण जाणे. माझ्या दहा रुपयांच्या चहाचा मात्र आज हायवेच्या पलीकडे जातो. टपरीवरच्या डब्यातली बाई बातम्या सांगितल्यासारखी ते दहा रुपये जाहीर करते.

2016च्या एप्रिलमध्ये यूपीआयचा नारळ फुटला, नोव्हेंबरात नोटबंदी आली आणि पुढे वडापावच्या गाडीपर्यंत चौकोनी कोडं चिकटलं. त्याला कुणी क्यूआर म्हणत नाही, सगळे 'स्कॅनर' म्हणतात. मग काही हुशार मंडळी जुनाच स्क्रीनशॉट दाखवून पसार होऊ लागली. भजी तळता तळता मोबाइल कोण बघणार? म्हणून हा बोलका डबा आला. चोर दोन आणि दवंडी सगळ्या गावाची!

आमची रीत झाकल्या मुठीची. थकलेली उधारीसुद्धा बरणीआड नोट सरकवून चुकवायची. आता डबा 'तीनशे वीस रुपये' म्हणाला, की रांगेतला शेवटचा माणूस महिन्याचा हिशोब मांडतो. गावातल्या आबांनी तीन चहाचे पैसे दिले, तर मागून लगेच, "काय आबा, पावनं आलं व्हय?"

मला खरं वाईट वाटतं ते सुट्ट्या पैशांचं. स्वारगेटहून एसटीत बसलं, की कंडक्टर तिकिटामागे बॉलपेनाने 'बाकी 7' लिहायचा. कात्रजचा बोगदा गेला, खेड-शिवापूर गेलं, तरी डोळा त्याच्या चामडी पिशवीवर. नीरेचा पूल दिसला की उठायचं, "मास्तर, तेवढे सात रुपये..." आणि मास्तर दोन अनोळखी माणसांच्या हातात एकच नोट ठेवून म्हणायचा, "दोघांत वाटून घ्या." झालं! नोट मोडायला दोघं चहाला जायची. आडनाव, गाव, ऊस, पोरीचं लग्न, सगळं निघायचं. आता मास्तरच्या मशीनवर स्कॅन केलं की पैशाला पैसा चुकता आणि शेजारचा माणूस सातारा येईपर्यंत रील बघत परका. या सोयीने आमच्या किती सोयरिकी बुडवल्या, याचा हिशोब महामंडळाकडे नसणार.

लग्नातही तेच. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया नखाने खरवडून काढायची मजा गेली. पाचशे एकातला एक आता नुसता आकडा. वही लिहिणारे काका चष्म्यावरून बघत म्हणतात, "स्क्रीनशॉट दाखवा."

आबांचं दुखणं याहून खोल. बँक खातं आहे पुण्यातल्या मुलासोबत सामाईक. इकडे आबांनी पुडी घेतली की तिकडे त्याच्या खिशात मेसेज. दोन मिनिटांत फोन, "आबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तेव्हापासून आबांनी कारभार वाटून टाकलाय : दूध ऑनलाइन, तंबाखू रोख. दहाच्या नोटा कोपरीच्या आतल्या खिशात, घडीवर घडी घालून. सारा देश कॅशलेस झाला तरी ही शाखा चालू राहणार.

दुकानदारांनो, हायवेवर ट्रकचे हॉर्न वाजतात, डबा मोठ्याने बोलायला हवा, हे कबूल. पण त्याच्या अंगावर आवाज कमी करायचं बटण असतं. गिऱ्हाईक गावातलं असेल आणि मागे रांग असेल, तेव्हा ते दाबत चला.