काय दिवे लावले!

सूचना फलकावरचा कागद वाचून तिथूनच माघारी फिरायला हवं होतं. ‘विद्यापीठ ग्रंथालय, सांस्कृतिक उपक्रम. मूकपट: राजा हरिश्चंद्र. प्रवेश विनामूल्य.’ खाली कार्यक्रमपत्रिका. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, चित्रपट. पण ‘विनामूल्य’ या शब्दापुढे माझी बुद्धी चालत नाही. गेलो.

कोणतं विद्यापीठ ते विचारू नका. तुमच्या मनात जे आलं तेच.

निवड मात्र झकास होती, हे कबूल केलं पाहिजे. जिथे भिंतीभिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलंय तिथे दाखवायला मूकपटासारखी दुसरी वस्तू नाही. त्या दुपारी ती पाटी पाळली ती एकट्या पडद्यानं.

खेळ तीन आठवडे लांबला होता, हे तिथल्याच एका शिपायानं सांगितलं. लेखा विभागानं फाइलीवर शेरा मारला होता: ‘हक्कधारकाचे ना-हरकत पत्र जोडावे.’ चित्रपट १९१३ चा. तो काढणारे दादासाहेब फाळके १९४४ साली गेले. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो. ‘श्यामची आई’ १९५३ चा आणि ‘पथेर पांचाली’ १९५५ चा, त्यांचीसुद्धा मुदत संपली. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षणसंस्थांना आणखी एक सवलत देतं. प्रेक्षक संस्थेतलेच असतील तर हक्कातला चित्रपटही दाखवता येतो. विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक, झालंच तर संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती, सगळे चालतात. कायदा हात पसरून उभा, आणि लेखा विभाग पत्र मागतोय. कोणाचं? विश्वामित्राचं? हरिश्चंद्रानं स्वप्नात दिलेलं दान खरं मानून राज्य सोडलं. आपल्याकडे जागेपणी केलेला अर्जही तीन प्रतींत दिल्याशिवाय खरा धरत नाहीत.

तोडगा म्हणून फलकावर आणखी एक ओळ चढली: ‘फक्त विद्यार्थी व कर्मचारी.’ दारात रखवालदारानं मला अडवलं. ओळखपत्र? मी कलम ५२ आठवून म्हणालो, “संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती.” त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हणजे नाश्त्यावाले का?” मी हो म्हणालो. त्यानं सोडलं, आणि समोसे जरा लवकर आणा म्हणून बजावलं.

आत साठेक खुर्च्या, पुढे दोन सोफे, सोफ्यांवर पांढरे टॉवेल. माणसं सात. त्यातले चौघे माईकचे.

पाहुणे गेटपाशी पोचल्याचा फोन आला तशी धावाधाव झाली आणि दोन शिपाई अभ्यासिकेकडे सुटले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर्वांत जास्त वाचन कुठे होत असेल तर ते अभ्यासिकेत, आणि तिथे वाचली जाणारी पुस्तकं ग्रंथालयाची नसतात. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातला येतात. पाण्याची बाटली ठेवून जागा धरतात. आपापल्या नोट्स, आपापले डबे. ग्रंथालयाकडून त्यांना टेबल, पंखा आणि ट्यूबलाइट एवढंच हवं असतं. बाकीचं ग्रंथवैभव काचेच्या कपाटांत ‘संदर्भ’ अशी चिठ्ठी लावून कुलूपबंद असतं. सांस्कृतिक उपक्रमांना ही मुलं म्हणजे तयार श्रोते. वाचन प्रेरणा दिनाला तर गंमत अशी होते, की वाचत बसलेल्या मुलांना उठवून वाचनाची प्रेरणा घ्यायला नेतात. ग्रंथदिंडीत पालखीला खांदाही तीच देतात. तर “पाचच मिनिटं” म्हणून पन्नासएक मुलं आणून बसवली. ती शहाणी होती. नोट्स घेऊनच आली.

मग दीपप्रज्वलन. पंख्यानं वात विझायला लागली म्हणून पंखे बंद केले. घामाघूम पाहुण्यांनी पाच वाती लावल्या. टाळ्या. फोटोवाला म्हणाला, “सर, मी जरा अँगल बदलत होतो. परत एकदा?” जळत्या वाती फुंकून विझवल्या आणि पुन्हा लावल्या. तुम्ही काय दिवे लावलेत, असं आमची आजी निकाल पाहून विचारायची. इथे उत्तर अचूक होतं: पाच, दोन वेळा.

प्रतिमापूजनात सरस्वतीशेजारी रंगनाथन होते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक, १९३१ साली पाच सूत्रं मांडून गेलेले. चौथं सूत्र असं, की वाचकाचा वेळ वाचवा. त्यांना हार घातला आणि त्यांच्याच फोटोखाली पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. त्यात त्यांचं बालपण होतं, परदेश दौरा होता, तरुण पिढी होती, मोबाइल होता. फाळक्यांच्या वाट्याला “आणि म्हणूनच फाळके” एवढं अर्धवट वाक्य आलं.

आता हिशेब बघा. मूळ ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, सुमारे चाळीस मिनिटांचा. आज त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं शिल्लक आहे; तेसुद्धा १९१३ चं की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेलं, यावर जाणकार भांडतात. एक अखंड भाषण आणि अर्धा चित्रपट. शंभर वर्षांत रिळं नासली, भाषणांना मात्र कीडसुद्धा लागत नाही.

पण खरी पंचाईत पुढेच होती. चित्रपटाला अंधार लागतो आणि उपक्रमाला फोटो. मूल्यांकनाच्या फाइलीत हल्ली साधा फोटो चालत नाही. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ सगळं कोपऱ्यात उमटलेला लागतो. अंधारातल्या फोटोत अक्षांश दिसतात, प्रेक्षक दिसत नाहीत. म्हणून सूचना झाली, “दिवे घालवू नका. फोटो होऊ देत.” बारा ट्यूबलाइटांच्या लख्ख उजेडात पडद्यावर हरिश्चंद्र आला. आला असावा. मुलाला धनुष्यबाण शिकवतो ते पहिलंच दृश्य आहे, रविवर्म्याच्या चित्रासारखं रचलेलं, हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून त्या पांढऱ्या चादरीवर हललेली करडी सावली म्हणजे तोच, असं मी धरून चाललो. सोफ्यावरून आवाज आला, “आवाज वाढवा जरा.” माईकवाल्यानं इमानेइतबारे बटण फिरवलं.

मला फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवल्या. कच्च्या फिल्मला कडेची भोकं अंधारात पाडावी लागायची, आणि दिवसभर युनिटचा स्वयंपाक करून बाई ते कामही करायच्या. उजेडाची एक तिरीप आत आली तर सगळी फिल्म बाद. ज्या वस्तूसाठी त्या घरानं एवढा अंधार जपला, ती आम्ही ट्यूबखाली धरून बघत होतो.

फोटोंचा सोस तेव्हाही होता म्हणा. सुरतेला खेळाला माणसं येईनात तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, अशी गोष्ट सांगतात: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत. फुटाला सोळा चौकटी धरल्या तर साडेतीन हजार फुटांच्या वर फिल्म होते. म्हणजे फोटोंचा आकडा प्रामाणिक; मैल मात्र पाऊणही भरत नाही. जाहिरात ती जाहिरात. पण गिऱ्हाइकाला त्या सत्तावन्न हजारांतला प्रत्येक फोटो बघायला मिळाला. आमच्याकडे दोनेकशे निघाले असतील. त्यातला एकही पडद्याचा नव्हता. सगळे सोफ्याचे.

सत्कार, चहा, आणखी एक फोटो, आणि पाहुणे उठले. त्यांच्याबरोबर अर्धी सभा उठली. टॉवेल घड्या होऊन गेले. समोसेही गेले, पण ते कुठे याची चौकशी मला करता येईना. माझ्या नावावर ते आणायचे होते. तेवढ्यात एका सहायक ग्रंथपालबाईंना सुचलं आणि त्यांनी दिवे घालवले. वाटलं, चला, आता निदान उरलेलं रीळ. तर मागून एकमुखानं आरडाओरडा: “मॅडम, दिवे लावा ना! उद्या पेपर आहे!” एव्हाना अभ्यासिकेला कुलूप लागलेलं होतं, मुलांना जायला जागा नव्हती. अखेर तह झाला. पुढचे सहा बंद, मागचे सहा चालू. पुढे सिनेमा, मागे राज्यघटना.

मी सीमेवर बसलो होतो. शेजारची मुलगी मांडीवर वही ठेवून पुटपुटत होती, “दादासाहेब फाळके पुरस्कार, पहिला, १९६९, देविका राणी.” समोर खुद्द फाळक्यांचा चित्रपट चाललाय आणि हिची मान वर नाही. पडद्यावर तारामती आली तशी मी न राहवून म्हणालो, “ती बाई दिसते ना, तो पुरुष आहे. अण्णा साळुंके. हॉटेलात स्वयंपाकी होते. नायिकेच्या कामाला एकही बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी त्यांना उभं केलं.”

मान वर झाली. तिनं मिनिटभर तारामतीला निरखलं.

“पुढे ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच झाले,” मी वाढवलं. “बायका आल्या त्या ‘हरिश्चंद्र’च्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी, कमलाबाई गोखले.”

“थांबा काका, हळू सांगा.” पेन सुरू झालं. मग एकदम थांबलं. “म्हणजे भारतीय चित्रपटातली पहिली नायिका पुरुष?”

“तसंच म्हणायचं.”

“मग पर्याय काय देतील?” तिनं बोटं मोजली. “दुर्गाबाई, कमलाबाई, देविका राणी. चौथा ‘यापैकी नाही’ असला तर साळुंके.”

“आणि नसला तर?”

“नसला तर दुर्गाबाईंवर टिक करायची,” वहीत मान घालत ती म्हणाली, “आणि उत्तरतालिका आली की हरकत घ्यायची.”