साहेबांचा सातबारा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, शेजारच्या प्रेसमध्ये पासपोर्ट. कागदाचा कपटाही बाहेर जाऊ नये असा बंदोबस्त. त्याच नाशकात, अंबडच्या आमच्या कारखान्यात डिस्पॅचच्या एका कॉम्प्युटरवर पाच जण बसतो आणि कोणाचंही काही लपत नाही. पासवर्ड मॉनिटरवरच, गणपतीच्या स्टिकरखाली. प्रत्येकाचं वेगळं खातं उघडता येतं म्हणे. पण मग पासवर्ड पाच होतील, आणि गणपती एकच.

खरा चुगलखोर ॲड्रेस बार. ई-वे बिलासाठी 'ई' दाबावा, तर खाली आधी 'ईएमआय कॅल्क्युलेटर' उगवतं. पाथर्डी फाट्याला फ्लॅट कोण बघतंय, ही चर्चा चहापर्यंत पुरते. 'एच' दाबला की 'हेअर ट्रान्सप्लांट', आणि सगळ्यांच्या नजरा नानांच्या टोपीकडे. नानांनी एकदा सगळी हिस्टरी पुसली, तर संध्याकाळपर्यंत ते नोकरी सोडणार असल्याची बातमी गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचली.

मग कोणीतरी नानांना इन्कॉग्निटो शिकवलं. कंट्रोल, शिफ्ट, एन. काळी खिडकी, त्यात टोपी-चष्मा. पण स्क्रीन काळा झाला रे झाला की पलीकडून हाक येते, "नाना, काय लपवताय?" शिवाय त्यात डाउनलोड केलेली फाइल जागच्या जागी राहते. भाचीसाठी उतरवलेले स्थळांचे बायोडेटा इन्व्हॉइसांच्या रांगेत बसले होते; एक चाकणच्या पार्टीला मेलही झाला. पार्टीचा फोन आला, "पोरगा चांगला आहे हो, पण आमचा माल कुठंय?"

इन्कॉग्निटोतही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला. २०२४ मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने कबूल केलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आमच्या राउटरला ते अजून कोणी कळवलेलं नाही. काळी खिडकी लपवते ती फार तर मागून त्याच खुर्चीत बसणाऱ्यापासून. कंपनीच्या नेटवरून जाणारं पाकीट बंद असलं तरी वरचा पत्ता वाचता येतो. आतलं पान नाही, पण साइट कुठली ते कळतं.

परवा नेटवाला पोरगा आला, तेव्हा नानांनी हळूच विचारलं, "काय रे, तुला सगळं दिसतं का?"

"काय दिसायचंय, काका? दुपारी अर्धी कंपनी लासलगावचा कांद्याचा भाव बघते, अर्धी सातबारा. साहेबसुद्धा."

नानांनी खुर्ची पुढे ओढली. "साहेबांचा गट नंबर कुठला?"

"ते नाही दिसत, काका. नुसती साइट."

"मग कसली रे तुमची सिस्टीम!"