फुगा दाबणारे काका

देवबागच्या किनाऱ्यावर एखादी होडी सुरू होईनाशी झाली की काका कुठून उगवतात कळत नाही. त्यांची स्वतःची होडी नाही. होडीच्या मागे टांगायचं इंजिन, ज्याला इथे सगळे ओबीएम म्हणतात, तेही नाही. निदान मात्र इंजिनाचं झाकण उघडायच्या आत तयार असतं: "कार्बोरेटरात कचरो आसा."

काकांचं नाव झालं ते ऑगस्टमुळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, पावसात पर्यटकांच्या होड्याही बंद. महिनोन् महिने पडून राहिलेल्या इंजिनात पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट राळ उरते. मग नारळी पौर्णिमेच्या आसपास ज्याला त्याला कचराच सापडतो, आणि काका दहापैकी सात वेळा बरोबर ठरतात. त्या पुण्याईवर ते पुढच्या मेपर्यंत खातात.

त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे फुगा. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात मध्येच काळा रबरी फुगा असतो. त्यात एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे करून फुगा दाबत गेलं की पेट्रोल पुढे सरकतं, कार्बोरेटर भरतो आणि फुगा घट्ट होतो. काका तो रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरच्या गांभीर्याने दाबतात. घट्ट झाला नाही तर मान हलवतात. पेशंटच्या नातेवाइकांना, म्हणजे होडीवाल्याला, तेवढ्याने घाम फुटतो.

खरं तर फुगा बरंच काही सांगतो. दाबून दाबूनही मऊच राहिला, तर बहुधा कुठून तरी हवा ओढली जातेय: पाइपाला चीर, कपलिंगमधली रबरी रिंग झिजलेली, नाहीतर फुग्याचीच झडप गेलेली. इंजिन चालता चालता मरतं आणि फुगा दाबत राहिलं की जगतं, तेव्हा इंजिनावरच्या पंपाच्या पडद्यावर संशय घ्यावा. आणि फुगा चपटा होऊन तसाच बसला, तर घोटाळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला.

पण टाकी ही काकांना फारच खालच्या दर्जाची गोष्ट वाटते.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्सुनामी बेटाकडे निघालेली होडी कर्ली खाडीत शंभर हात जाऊन बंद पडली. माणसांनी वल्ही मारून ती परत आणली. केशरी जॅकेटं घातलेले पाहुणे तसेच बसलेले, एक मूल रडतंय, "पैसे परत मिळतील का?" अशी चौकशी सुरू झालेली. फुगा चपटा. काकांनी प्लग काढायला लावला, हुंगला, पुसला, परत लावायला लावला. मग कार्बोरेटर खोलायचा हुकूम सुटला. होडीवाला पाना शोधायला वळला, तेवढ्यात टाकीपाशी उकिडवं बसलेल्या खलाशी पोराने टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल केला. फुस्स करून हवा आत गेली आणि फुगा आपोआप फुगून वर आला. पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. आदल्या संध्याकाळी कुणीतरी स्क्रू आवळून ठेवला होता. पोराने फुगा घट्ट होईपर्यंत दाबला. दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडलं.

"मी ताच सांगत होतंय," काका म्हणाले.

अलीकडे त्यांना नवा आरोपी मिळालाय: वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या धाटणीच्या रबराला ते मानवत नाही, आणि खाडीकाठी दमटपणाला तोटा नाही. पण परवा एकाची लाल दोरीची किल्ली इंजिनावरून निसटली होती, म्हणून ते सुरू होत नव्हतं, तेव्हाही काकांनी इथेनॉललाच धरलं. किल्ली बसवून होडी निघून गेली, तरी त्यांचं व्याख्यान चालूच होतं. श्रोते म्हणून दोन पर्यटक आणि एक शहाळीवाला उरला होता.