चांगला मिळाला हो!

शेलूत नव्या इमारती उठल्या, माणसं मुंबईहून इकडे राहायला आली, आणि सामानाबरोबर एक वाक्यही घेऊन आली : ‘नशीबवान आहात हो वहिनी, तुमचे मिस्टर मदत करतात.’ मदत म्हणजे आमचे हे रविवारी कुकर लावतात. शिट्ट्या मीच मोजते. लोकलच्या लेडीज डब्यात मेथी निवडत मी घरी येते, तेव्हा ह्यांना कुणी नशीबवान म्हणत नाही.

हा चांगला नवरा कादंबरीतूनच आला असावा, असा माझा संशय आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधला रघुनाथ आठवा. यमूला लिहा-वाचायला शिकवणारा, तिच्याशी धड बोलणारा. वाचताना वाटतं, असा हवा! पण रघुनाथ मरतो आणि घरातले पुरुष यमूचं केशवपन करून मोकळे होतात. तिचं सारं सुख त्याच्या चांगुलपणाच्या नावावर होतं. सातबारा तिचा नव्हताच.

देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (1899) आणखी गंमत. म्हाताऱ्या भुजंगनाथाला बाप पैशासाठी पोर देतोय, आणि लग्न मोडतं कशावरून? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! वय चालेल, विक्री चालेल, गोत्र तेवढं एक नको. 1937च्या ‘कुंकू’ चित्रपटातली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला अजिबात दाद देत नाही. मला ती फार आवडते. पण तिला मोकळं करायला शेवटी नवराच जीव देतो. म्हणजे सुटकेचं श्रेयही त्यालाच.

या सगळ्यांच्या आधी, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’त नाटक-कादंबऱ्या लिहिणाऱ्या पुरुषांची चांगलीच झडती घेतली होती.

विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात (1933) मुली शिकलेल्या, मिळवत्या. मोठं वादळ उठलं. गोष्टी राहिल्या बाजूला, टोपणनावामागची बाई कोण याचाच शोध. त्या संग्रहात एक मुलगी आहे. तिच्या पगारावर माहेरचं घर चालतं आणि तिचा स्वतःचा संसार काही मांडला जात नाही. इथे वाईट नवरा नाहीच; बाबा आहेत, तेही प्रेमळ.

लोकलमध्ये वांगणी येईपर्यंत ही गोष्ट मी शेजारणीला सांगितली. शेंगा सोलायचं थांबवून ती हळूच म्हणाली, ‘माझं नाव नका घेऊ कुठे, पण ही आमच्या बदलापूरच्या घरातली आहे.’