नख लावून बघा

"नख लावून बघा!" असं कानावर पडलं की समजायचं, गुरुजी कुणाच्या तरी दाराशी उकिडवे बसलेत. तुमच्या गावातही एक असतोच: स्वतःच्या घराला स्लायडिंग बसलं की गावभरच्या स्लायडिंगची काळजी वाहणारा. आमचे कळमनुरीचे गुरुजी विज्ञान शिकवून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, ओसरीला तपकिरी अॅल्युमिनियमचं दार आलं आणि तेव्हापासून त्यांना माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. "बरं आहे ना?" विचारतात, नजर आपल्या पाठीमागच्या चौकटीवर.

पद्धत ठरलेली. चष्मा कपाळावर आणि मुद्दाम वाढवलेलं करंगळीचं नख ओरखड्यावर आडवं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा. मऊ फडकं, थोडं पॉलिश, विषय संपला. असा ओरखडा निघाला की गुरुजी हिरमुसतात. अडकलं की मात्र चेहऱ्यावर तेज! मग ४०० चा वॉटर पेपर, मग ६०० चा, पाणी लावून, त्यावर प्रायमर, मग शेड जुळवून रंगाचे दोन पातळ हात. "पण आधी कोटिंग कोणतं ते बघा. पावडर कोटिंग म्हणजे ६० ते ८० मायक्रॉनचा अंगरखा, ठिगळ लावता येतं. अॅनोडायझिंग म्हणजे कातडी. घासली की गेली!" एका साखरपुड्यात त्यांनी हे व्याहीबुवांना ऐकवलं. व्याह्यांनी पुढचा तासभर दाराला पाठ टेकली नाही.

पोळ्याची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. शेजाऱ्यांची जोडी ओवाळायला दारात आली, ताशा वाजला, बैल बुजला आणि रंगवलेलं शिंग थेट चौकटीवर. गुरुजींच्या मंडळी पुरणपोळी घेऊन बैलापुढे, गुरुजी चौकटीपुढे.

"गुरुजी, जनावर हाय, त्याला काय कळतंय?"

"त्याला नाही कळत, तुम्हाला तर कळतं! नख लावून बघा."

पोचा होता. सेक्शन आतून पोकळ, मागून ठोकायला हात जात नाही. बाहेरून ठोकलं तर धातू आणखी ताणतो. म्हणून गुरुजींनी पुट्टी भरली, वाळू दिली, घासली, रंगवली. हे चाललं असताना हॉल आणि हेरूल्ट यांनी १८८६ साली, एकाने अमेरिकेत आणि दुसऱ्याने फ्रान्समध्ये, विजेने अॅल्युमिनियम काढायची तीच युक्ती कशी शोधली हेही बैलवाल्याला ऐकावं लागलं. दोघंही तेव्हा तेविशीच्या आतबाहेर होते, हे सांगताना गुरुजी बैलवाल्याच्या बेकार पोराकडे बघत होते. पुढच्या पोळ्यापासून त्यांच्या ओसरीवर बैलाला झूल असते आणि दाराला वाकळ.

खरं सांगायचं तर मी त्यांना रस्त्यात टाळायचो.

दादा गेले तेव्हा भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर परत नेताना पोरांच्या हातून निसटलं आणि आमच्या चौकटीवर आपटलं. वीतभर ओरखडा, खाली पोचा. गुरुजी समोरच बसलेले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी करंगळी मुठीत मिटून घेतली होती. तेरवीपर्यंत ते रोज संध्याकाळी येत, खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवत, आणि तासभर काही न बोलता बसत. सांत्वनाला येऊन दुसऱ्यांच्या मयतांची वर्णनं करणाऱ्यांपेक्षा ते फार बरं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन हजर. आतून वॉटर पेपर निघाला.

"गुरुजी, तो राहू द्या."

त्यांनी नख लावलं. अडकलं. पहिल्यांदाच चेहऱ्यावर तेज आलं नाही.

"राहू द्यायचा तर राहू द्या. पण कड वर आलीय, वहिनींचा पदर फाटेल. तेवढी मारून देतो." दहा मिनिटं अलगद घासलं. पुट्टीचा डबा पिशवीतून काढलाच नाही. मग चहाचा पहिला घोट घेऊन खिडकीकडे बघत म्हणाले, "हिचा ट्रॅक केव्हापासून झाडला नाही? नांदेड रोडची धूळ म्हणजे वाळूच. पल्ला सरकवता की पेपर मारता?"