वहीला खळ आहे का?

हातकागदाची वही लिहिण्यासाठी नसते, असं मला आजवर बऱ्याच दुकानदारांनी समजावून सांगितलं आहे. पातेलं घ्या, पायपुसणं घ्या, उदबत्ती घ्या. ‘काय करायचंय हो तुम्हाला याचं?’ असं कुणी विचारत नाही. वहीच्या बाबतीत मात्र विचारतात. ‘लिहायचंय’ म्हटलं की समोरचा गडबडतो.

‘लिहायला नाही नेत कुणी मॅडम. ही गिफ्टला जाते.’

‘ज्याला गिफ्ट जाते, तो काय करतो?’

‘तोही देत असेल कुणाला तरी.’

तो खोटं बोलत नसतो. आमच्याच नात्यात चामडी कव्हरची, वर हत्ती उमटवलेली एक वही गेली काही वर्षं फिरतीवर आहे. ती मुंजीला निघाली, मध्ये एक डोहाळजेवण करून आली आणि नुकतीच एका सेवानिवृत्तीला हजर होती. तिच्यात अजून कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही. हत्ती मात्र घासून घासून डुकराएवढा उरलाय.

त्यात मी शाईच्या पेनाने लिहिणारी. बॉलपेनवाल्यांचं बरं असतं. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट, त्यामुळे ते बसच्या तिकिटावर, तळहातावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर, कुठेही चालतं. फाउंटन पेनची शाई म्हणजे जवळजवळ रंगीत पाणी. निबेच्या चिरेतून ती खाली येते केशाकर्षणाने, आणि कागदाच्या तंतूंत शिरते तीही केशाकर्षणानेच. म्हणजे वर पेन आणि खाली कागद अशी रस्सीखेच चाललेली असते. कागद जास्त ओढखोर निघाला की अक्षराला मुळ्या फुटतात, आणि मागच्या पानावर तोच मजकूर उलटा वाचायला मिळतो.

कागदाची ही ओढ आवरते ती खळ. लगदा तयार करताना किंवा कागद झाल्यावर त्याला खळ दिली, तर शाई जागच्या जागी वाळते. खळ न दिलेला कागद म्हणजे टीपकागद. इथे मी उपमा देत नाहीये, टीपकागद खरोखर तसाच करतात. तेव्हा एखादी सुंदर, जाडजूड, तीनशे-चारशे रुपयांची वही घरी आणून तुम्ही तिच्यावर निब टेकवलीत आणि अक्षराचा कोळी झाला, तर नशिबाला बोल लावू नका. तुम्हाला सुताने शिवलेला टीपकागद मिळालेला आहे.

शाई फुटणं इंग्रजी लिहिणाऱ्यालाही छळतं, पण देवनागरीवाल्याचे हाल वेगळे. आपल्या प्रत्येक शब्दावर शिरोरेषा. ती फुटली की शब्दाला मिशा येतात. ‘ळ’ आणि ‘थ’ यांचे डोळे मिटतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ एकाच चेहऱ्याचे दिसू लागतात. आणि अनुस्वार! तो बिचारा टिंब म्हणून येतो आणि डबकं होऊन पसरतो. एका वहीत मी ‘चिंच’ लिहिलं, तर इकार आणि अनुस्वार यांचा संयुक्त संसार सुरू झाला. म्हणून दुकानात कागद तपासताना ‘श्री’ लिहून थांबू नये. श्री काय, कुठेही मंगलच दिसतो. ‘ज्येष्ठ क्षत्रिय मंडळींची चिंचगुळाची आमटी’ असलं काहीतरी लिहावं. कागदाचं खरं चारित्र्य जोडाक्षरात कळतं.

पण त्यासाठी आधी दुकानात पेन काढावं लागतं, आणि तिथून संबंध बिघडतात. आत शिरताना मी ‘मॅडम’ असते. पर्समधून पेन काढलं की ‘ताई’ होते. ‘एखादं कातरण असेल तर द्या, लिहून बघते’ म्हटल्यावरही ताईपद कसंबसं टिकतं. मग मी बोट ओलं करून वहीच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्याला लावते. खळ कमी असेल तर ओला डाग झटकन आत मुरून गडद होतो; खळ नीट असेल तर ओल क्षणभर वर चकाकत राहते. या क्षणाला हमखास ऐकू येतं, ‘काकू, घ्यायची असेल तरच हात लावा.’

दुकानदार त्यावर एकच ब्रह्मवाक्य ऐकवतो. ‘कागद जाड आहे हो, काही होत नाही.’ या वाक्याने फाउंटन पेनवाल्यांच्या कैक पिढ्या फसवल्या आहेत. जीएसएम हा आकडा एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, एवढंच सांगतो. शाई फुटेल की नाही, याबद्दल तो मौन पाळतो. पेनवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तो जपानी ‘तोमोए रिव्हर’ कागद अवघा 52 जीएसएमचा. पलीकडचा हात दिसावा इतका पातळ, आणि शाईचा थेंब हूं की चूं न करता वर बसून राहतो. उलट दोनशे जीएसएमचा, खळीविना राहिलेला हातकागद शाई पिऊन वर ढेकर देईल. जाडीने फार तर डाग मागे पोचत नाही. पुढच्या बाजूला व्हायचा तो तमाशा होतोच.

मग पाकळ्यांचा प्रश्न येतो. हातकागदात झेंडूच्या, गुलाबाच्या पाकळ्या, गवताच्या काड्या, क्वचित कांद्याची सालं घालायची पद्धत आहे. दिसतं फार छान. लिहिताना निब बरोब्बर पाकळीवर येते, अडखळते, पाकळीचा कोपरा उचकटते आणि तिथून पुढे पेन नुसतं ओरखडे काढतं. चिरेत झेंडूचा धागा अडकलेला असतो. हत्तीच्या लिदीपासून केलेला कागदही मिळतो. तो स्वच्छ असतो, वास येत नाही, आणि त्यात तंतू भरपूर असतात, कारण हत्तीला सगळं पचत नाही. निबेलाही पचत नाही. असले कागद फ्रेम करायला, दिवाळीची पाकिटं करायला उत्तम. लिहिण्यासाठी साधा, बिनफुलांचा, शक्यतो सुती चिंध्यांचा कागद मागावा. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतली पांढरी कातरणं कुटून केलेला हातकागद टिकाऊ होतो, कारण लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात नसतं, आणि लिग्निनच कागद पिवळा पाडतं. आपलं चिंतन कुणाच्या तरी होऊ न शकलेल्या गंजीफ्रॉकवर उतरतंय, ही जाणीव लेखकाला जमिनीवरही ठेवते.

खळीची विद्या आपल्याकडे जुनीच. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी तिकडे हलवली, तेव्हा आलेल्या कागद्यांनी ते वसवलं, असं सांगतात. जुन्नरचा कागदही पेशवाईत नावाजलेला. हे कागदी तांदळाची किंवा गव्हाची खळ कागदाला द्यायचे, वाळवायचे, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत बसायचे. युरोपात याच कामाला जनावरांच्या कातड्यांचा सरस वापरत. घोटलेल्या कागदावरून बोरू सुळकन जायचा, आणि तो तसा जाणं गरजेचंच होतं. मोडी लिहिणारा कारकून हात न उचलता लिहीत जाणारा, त्याचा बोरू पाकळीत अडकला असता तर स्वाऱ्याच निघाल्या नसत्या. पुढे 1934 साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागदाला पुन्हा दिवस आले. पुण्यात शेतकी कॉलेजजवळची हातकागद संस्था 1940 पासूनची. तुघलक आणि गांधीजी हे दोघेही एकाच धंद्याचे आश्रयदाते निघावेत, ही कागदाचीच किमया.

आता दगडाने घोटत बसायला कुणाला वेळ नाही. गुळगुळीत पत्र्यांमध्ये कागद घालून रुळांखालून काढतात. असा दाबून काढलेला कागद मिळाला तर डोळे मिटून घ्यावा. म्हणजे डोळे मिटून त्याच्यावरून बोट फिरवावं. खरखर लागली तर निब तंतू उपटणार. बोट नुसतंच घसरत गेलं तर शाई वाळायला वेळ घेणार आणि डावखुऱ्यांची करंगळी निळी होणार. दोहोंच्या मधलं हवं. दोन्ही बाजू तपासाव्यात, कारण हातकागदाची एक बाजू दुसरीपेक्षा खडबडीत असू शकते, आणि दुकानदार नेहमी चांगलीच दाखवतो. शिवाय आपलंच पेन, आपलीच शाई घेऊन जावं. कागद, शाई आणि निब यांची पत्रिका जुळावी लागते, आणि इथे पत्रिका दोन नव्हे, तीन असतात. जमलं तर वही पावसाळ्यात घ्यावी. दमट हवेत कागद आधीच ओल धरून असतो. जुलैत ज्याच्यावर शाई फुटली नाही, तो मे महिन्यात दगा देत नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात. जुजबंदी मागा, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवलेले. नुसत्या डिंकावर चिकटवलेली जाड पानांची वही उघडी राहत नाही; एका हाताने तिला दाबून धरत दुसऱ्याने लिहायचं, म्हणजे चिंतन कमी आणि कुस्ती जास्त. पानांच्या त्या कुरतडल्या कडांवर भाळू नका. जुने बाइंडर त्या कापून फेकत. हल्ली त्यांचे वेगळे पैसे पडतात.

एवढं सगळं करून, काकूपदाचा अपमान गिळून, चांगल्या खळीची, घोटलेली, शिवलेली वही तुम्ही घरी आणता. आणि मग ती कपाटात ठेवता. कारण एवढ्या चांगल्या वहीत लिहिण्याच्या लायकीचं काही सुचत नाही. किराण्याची यादी पाठकोऱ्या कागदावर, दुधाचा हिशेब कॅलेंडरवर. वहीसाठी काहीतरी ‘खास’ राखून ठेवलेलं. माझा नवरा अधूनमधून विचारतो, ‘आलं का काही खास?’ तोही वाईट माणूस नाही.

या आजाराला उतारा पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांमध्ये बांधून ठेवलेला आहे. पेशवे दफ्तराचे ते कोट्यवधी मोडी कागद, आजच्या हिशेबाने एकेक ‘प्रीमियम हँडमेड’, आणि त्यावर काय आहे? राजकारण आहेच, पण घोड्यांची चंदी आहे, पगार आहेत, खर्चाचे हिशेब आहेत. हरभरा किती पायली गेला हे लिहिताना त्या कारकुनाने कागदाच्या तोलामोलाचा विचार सुचेपर्यंत बोरू तोंडात धरून ठेवला नाही. तो हिशेब आजही स्वच्छ वाचता येतो. खळ चांगली होती.

तेव्हा एक विनंती. वही आपल्यासाठी घ्या, पेन सोबत न्या, दुकानदार काकू म्हणाला तर म्हणू द्या. आणि कुणाला भेट द्यायचीच असेल, तर आधी तिच्या पहिल्या पानावर शाईच्या पेनाने ‘दूध, कोथिंबीर, गॅसचा नंबर’ एवढं लिहा, त्यातलं एखादं खोडा, आणि मग द्या. पुढे कुणाला देता न आल्यामुळे घेणाऱ्याला ती वापरावीच लागेल.