टोरंटवाला भाऊ

टोरंटवाला भाऊ हा बुलडाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली सारखाच आढळणारा मनुष्यप्रकार आहे. त्याच्या सुगीचा काळ साधारण २००५ ते २०१६ असा धरता येतो. २००५मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड देशात सुरू झाले आणि त्याच वर्षी स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउसने यूटोरंट हा आटोपशीर प्रोग्राम बाहेर काढला. पुढे जिल्ह्यात जिथे जिथे तार पोचली, तिथे तिथे हा प्रकार उगवला. वय अठरा ते सव्वीस, एमएस-सीआयटी झालेली, लग्न व्हायचे असलेले. प्रोग्राम बसवल्यावर इतर माणसे सिनेमा शोधतात. हा आधी प्रेफरन्सेस उघडतो.

पहिला संस्कार पोर्टचा. ६८८१ ते ६८८९ हे जुने पोर्ट बदनाम आहेत, कंपन्या तिथेच नजर ठेवतात, हे तो आवाज खाली आणून सांगतो आणि पाच आकडी पोर्ट निवडतो. मग १९२.१६८.१.१ वर जाऊन राउटरमध्ये त्याच पोर्टला वाट करून देतो. खालच्या पट्टीत हिरवी खूण उमटली की आईला हाक मारतो. आई भाकरी थापत असते.

दुसरा संस्कार विंडोज एक्सपीचा. २००४च्या सर्व्हिस पॅक २ने एका वेळी अर्धवट जोडण्या दहावर आणल्या, म्हणून भाऊ सिस्टीममधल्या एका फाइलीला पॅच मारतो. गल्लीतल्या बाकीच्या संगणकांनाही मारतो. त्यांतल्या काहींना इंटरनेट नसते, पण पुढेमागे आले तर तयारी असावी.

वेगाचे गणित त्याला वडिलांना समजावून सांगावे लागते. कंपनी किलोबिट मोजते, पडद्यावर किलोबाइट दिसतात, आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे ५१२चा प्लॅन घेतला तरी ६४च्या वर काही दिसत नाही. "मंग बाकीचं कुठी गेलं?" या वडिलांच्या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही.

स्वभावाचा खरा पत्ता मात्र अपलोडच्या चौकटीत लागतो. ब्रॅम कोहेनने २००१मध्ये बिटटोरंट रचले ते देवाणघेवाणीच्या पायावर: जो देतो त्याला आधी मिळते. हे तत्त्व भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो आणि स्वतःची अपलोड मर्यादा एकावर ठेवतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला अशी माणसे ओळखीची असावीत. मर्यादा सहाच्या खाली नेली की यूटोरंट डाउनलोडही अपलोडच्या सहापटीवर अडवतो. मग जास्त चिक्कू भाऊ तिथे शून्य भरतो. त्या चौकटीत शून्य म्हणजे मर्यादाच नाही. रातोरात पोलंड-ब्राझीलपर्यंत दानधर्म होतो, वर जाणारी वाट तुंबते, मिळालेल्या तुकड्यांच्या पोचपावत्या वेळेवर जात नाहीत आणि याचेच डाउनलोड बसते. मोजलेल्या अपलोडच्या चार-पंचमांशावर मर्यादा ठेवावी, हा साधा उपाय सगळे करून झाल्यावर सुचतो. गंमत अशी की परक्याला किलोबाइट न देणारा हाच माणूस दारात पेन ड्राइव्ह घेऊन आलेल्या चुलतभावाच्या मेव्हण्याला चहा पाजून आठ जीबी भरून देतो.

बीएसएनएलच्या 'होम ५००' प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजणीत धरला जात नसे. त्यासाठी शेड्यूलरच्या १६८ चौकोनांपैकी नेमके बेचाळीस हिरवे करायचे. एवढ्यावर न विसंबता भाऊ दोनचा गजर लावून उठतो; चौकोन चालतात की नाही ते बघायला. लोडशेडिंगचे चौकोन प्रोग्राममध्ये नाहीत, ही उणीव स्वीडनमध्ये बसून लक्षात येण्यासारखी नव्हती.

उरलेला वेळ दाखवणाऱ्या रकान्यावर त्याची श्रद्धा भेंडवळच्या घटमांडणीवर असावी तशी: भाकीत खरे ठरो न ठरो, पहाटे ऐकायला हजर राहायचेच. तिथे तीन तास, दोन आठवडे आणि अनंताचा आडवा आठ आलटून पालटून येतात. नव्याण्णव टक्क्यांवर गाडी थांबते, कारण शेवटचा तुकडा ज्याच्याकडे आहे तो संगणक बंद करून झोपलेला असतो. त्याच्या नावाने भाऊ जे बोलतो ते छापण्याजोगे नाही.

उतरवलेले सिनेमे तो क्वचितच पाहतो. हार्ड डिस्क भरली की न पाहिलेले जुने काढून न पाहायचे नवे घेतो. १९५७चा कॉपीराइट कायदा त्याला ऐकून माहीत असतो, म्हणून एका फोल्डरात उबुंटू लिनक्स कायम ठेवलेले असते. विचारलेच तर दाखवायला.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले आणि लोक सिनेमे फोनवर पाहू लागले. शिवाय आता अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो, त्यामुळे घरच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून काही साधत नाही. उरलेले भाऊ क्यूबिटटोरंट वापरतात. फायबर जोडायला आलेल्या पोराला ते स्वतंत्र पत्ता मागतात, त्याची कारणे कागदावर काढून दाखवतात. पोरगा सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, "भाऊ, राउटर एकदा बंद-चालू करून पाहा ना." भाऊ करून पाहतो. पोर्ट बंदच असतो.